तंजावरचे तीन दिवस

प्रवासाची आखणी करणे मला प्रवासाइतकेच आवडते. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पोहोचण्यापूर्वीच माझी वही उघडलेली असते. डाव्या पानावर वेळ, उजव्या पानावर ठिकाण आणि समासात त्या त्या गावी काय खायचे त्याची नोंद. वीस वर्षे सहकारी बँकेत जमाखर्च जुळवल्यामुळे असेल, पण दिवसाचा एकही तास 'अनामत' पडून राहिलेला मला सोसत नाही. महाबळेश्वर असो वा हंपी, घरची माणसे माझ्या वहीमागून चालत आली आहेत. तंजावरच्या वेळी मात्र ती वही पहिल्याच दिवशी मोडून पडली.

तंजावर आमच्या घरात आले ते अभ्यासाच्या पुस्तिकेतून. चाळिशी उलटल्यावर मी मराठीच्या पदवीसाठी नाव नोंदवले. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मी मोठ्याने वाचत असे, कारण शेजारच्या खुर्चीत अप्पा बसलेले असत आणि त्यांना आता स्वतः वाचणे कठीण झाले होते. अप्पा भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले. मोडी वाचणारा माणूस म्हणून तालुक्यात त्यांना ओळखत. जुन्या वाटणीचे कागद घेऊन लोक आमच्या ओसरीवर येत. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली होती. समोरचे दिसे, पण एखाद्या नळीतून पाहावे तेवढेच. डॉक्टरांनी सांगितले होते की जे गेले ते परत येणार नाही, उरलेले जपायचे. किती दिवस, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठीविषयीचा भाग वाचत असताना तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील शिलालेखाचा उल्लेख आला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती 1855 पर्यंत टिकली, एवढे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. परंतु त्या घराण्यातील दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसले वंशाचा सगळा इतिहास मराठीत लिहवून मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतला, आणि मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो, हे नवे होते. अप्पांनी मला थांबवले.

"मोडीत आहे का?"

"नाही, बाळबोध लिपीत."

"मग तुलाही वाचता येईल," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "हे पाहायला हवं."

अप्पा आजवर कुठे जायचे आहे असे कधी म्हणाले नव्हते. आई असताना काशीयात्रेचे नाव निघाले की ते कामाचा डोंगर दाखवत. त्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी वही काढली. मुलगा बारावीला, बँकेत मार्चअखेर जवळ. दुसरा शनिवार धरून तीन दिवसांची रजा जेमतेम मिळत होती. जानेवारीत पोंगलची गर्दी, त्याच सुमारास तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेसाठी देशभरातून गायक जमतात. म्हणून फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला. पुण्याहून विमानाने चेन्नई, एग्मोरहून रात्रीची रेल्वे आणि शुक्रवारी पहाटे तंजावर. हातात शुक्रवार, शनिवार आणि रविवार. रविवारी रात्री परतीची गाडी.

या तीन दिवसांत मी काय काय बसवले होते ते आज वाचताना माझे मलाच हसू येते. शुक्रवारी राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि संध्याकाळी मंदिर. शनिवारी चाळीसेक किलोमीटरवरचे कुंभकोणम, त्याला लागून असलेले दारासुरम, तेथून पुढे गंगैकोंडचोळपुरम. रविवारी तिरुवैयारू आणि समुद्रकाठचा तरंगमबाडीचा डॅनिश किल्ला. समासात खाण्याच्या नोंदी: कुंभकोणमची डिग्री कॉफी, तेथलीच इडलीसोबतची कडप्पा, म्हणजे मूगडाळ-बटाट्याची दाटसर रस्साभाजी, तिरुवैयारूचा मूगडाळीचा अशोका हलवा, केळीच्या पानावरचे जेवण. तमिळनाडूतील बहुतेक मंदिरांचे गाभारे दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात, हेही मी हिशेबात धरले होते. दुपारचे तास वाडे, संग्रहालये आणि जेवण यांना दिले होते. बृहदीश्वराचे शिखर सूर्यास्ताच्या उन्हात सोनेरी दिसते असे प्रत्येकाने सांगितले होते, म्हणून मंदिर संध्याकाळी.

अप्पांना मी आराखडा वाचून दाखवला. ते म्हणाले, "चांगलं आहे. यात बसायचं कधी?"

मी ते विनोदावारी नेले.

तंजावरला उतरलो तेव्हा उजाडत होते. स्थानकाबाहेरच्या उपाहारगृहात पितळी पेला आणि वाटीसारखा डबरा यांतून कॉफी आली. वेटरने ती एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतली तेव्हा अप्पांनी तो आवाज मान कलती करून ऐकला. दुपारी 'मील्स रेडी' अशी पाटी लावलेल्या एका साध्या खानावळीत पान मांडले गेले. पानाचे टोक डावीकडे, हे अप्पांनी बोटांनी चाचपून ओळखले आणि त्यांना बरे वाटले. आमच्याकडेही पंगतीत पान तसेच मांडतात. सांबारभात, मग वाळवणाच्या तुकड्यांचे आंबटतिखट वत्तकुळंबु, मग रस्सम, शेवटी ताकभात. म्हणजे भात चार वेळा आणि प्रत्येक वेळी वेगळा. वाढणारा इतक्या वेगाने फिरत होता की नको म्हणायला सवड मिळत नव्हती. अप्पांना मधुमेह असल्यामुळे पायसम मी माझ्याकडे ओढून घेतले, त्यावर त्यांनी एक शब्दही न बोलता माझ्या पानातले चमचाभर घेतले.

सांबार या पदार्थाची एक गोष्ट मराठी माणसे तंजावरला जाताना हमखास बरोबर नेतात. संभाजी महाराज पाहुणे आले असता येथील मुदपाकखान्यात आमसूल संपले, म्हणून आमटीत चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून तिला सांबार म्हटले गेले, अशी ती गोष्ट. मीही ती जेवताना सांगितली. अप्पांनी विचारले, "कागद आहे का?" कागद नाही म्हटल्यावर त्यांनी विषय रस्समकडे वळवला. खरे तर कागद हवाच असेल, तर सरफोजींच्या नावाचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे पाककृतींचे मराठी पुस्तक येथल्या सरस्वती महालाच्या संग्रहात आहे. ज्या राजाने स्वयंपाकघरही लिहून ठेवण्याजोगे मानले, त्याच्या गावी दंतकथेची आम्हांला गरज का पडते, हे मला कळत नाही.

राजवाडा मूळ नायक राजांचा, मराठ्यांनी तो वाढवला. दरबार हॉलचे रंगीत खांब पाहिले, चोळकालीन ब्राँझच्या मूर्ती पाहिल्या. पण माझी नजर घड्याळावर होती. सरस्वती महालाचे संग्रहालय छोटे आहे. ग्रंथालयात तमिळ, संस्कृत, तेलुगू ग्रंथांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत आणि मोडी कागदांची दप्तरेही आहेत. मराठीचा विद्यार्थी येथे जरा दबकूनच उभा राहतो. शाहजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली मराठी नाटके याच संग्रहातून प्रकाशात आली. सांगलीच्या 1843 च्या 'सीतास्वयंवरा'पूर्वीचे मराठी नाटक काही अभ्यासक त्यांत पाहतात. सरफोजींनी येथे देवनागरी छापखाना काढला आणि 1806 मध्ये इसापाच्या गोष्टींची 'बालबोध मुक्तावली' त्यावर छापून निघाली. ही सारी माहिती मी अप्पांना भराभर सांगत होते. ते काचेच्या पेटीवर वाकून एकेक पान शोधत होते. पेटीत उजेड मंद होता. "पुढं चला, अप्पा, साडेचार वाजले," असे मी दोनदा म्हटल्याचे मला आठवते.

मंदिरात पोहोचलो तेव्हा ऊन तिरपे झाले होते आणि शिखर खरोखरच सोनेरी दिसत होते. राजराज चोळाने हे मंदिर 1010 मध्ये पूर्ण केले. दोनशे फुटांहून उंच असे ते ग्रॅनाइटचे विमान, समोर अजस्र नंदी, मोकळे विस्तीर्ण प्रांगण. माणसे छायाचित्रे घेत होती, मुले पळत होती. मी अप्पांचा हात धरून त्यांना शिखराकडे तोंड करून उभे केले. "दिसतंय?" "दिसतंय," ते म्हणाले, "उंच आहे." मग आम्ही प्रदक्षिणेच्या मार्गाने नैऋत्येकडे, शिलालेखाच्या भिंतीकडे गेलो. तोवर सूर्य खाली गेला होता.

भिंतीवर ओळीमागून ओळी होत्या. मला त्या दिसत होत्या, जरा डोळे ताणून वाचताही आल्या असत्या. अप्पा भिंतीपासून वीतभर अंतरावर गेले. चष्मा काढला, पुन्हा लावला. मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवली. संरक्षित वास्तू म्हणून हात लावायचा नाही हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधून ठेवले होते. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग म्हणाले, "चल, तुझं उशिराचं काही ठरलं असेल."

काचबिंदू झालेल्या माणसाला संधिप्रकाश सर्वांत वाईट, हे मला पाच वर्षांपासून माहीत होते. संध्याकाळी घराच्या पायऱ्यांवर मी स्वतः दिवा लावते. आणि तरीही, ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी एवढा प्रवास केला ती मी सूर्यास्ताच्या वेळेत बसवली होती, कारण त्या वेळी शिखर सुंदर दिसते.

रात्री लॉजच्या खोलीत मी वही उघडली. अप्पा झोपले होते किंवा झोपल्यासारखे पडले होते. शनिवारची सकाळ दारासुरमला दिलेली होती, गाडीवाल्याला विसार दिलेला होता. रविवारी सकाळी मंदिरात यायचे तर तरंगमबाडी जात होते. गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम ही दोन्ही मंदिरे बृहदीश्वरासह जागतिक वारशाच्या यादीत आहेत, तिन्ही एकाच फेरीत व्हावीत असा माझा हट्ट होता. एकदा हे पुढे ढकलून पाहिले, एकदा ते. अर्धा तास असा जुळवाजुळवीत गेल्यावर मी पेन्सिलने शनिवारच्या पानावर एक उभी रेघ ओढली आणि गाडीवाल्याला संदेश पाठवला. विसाराचे तो काही बोलला नाही. आम्हीही मागितला नाही.

शनिवारी सकाळी साडेसातला आम्ही मंदिरात होतो. फरशी थंड होती. बागेतल्या झाडांवर साळुंक्यांचा गलका चालला होता. वाटेत विमानाच्या जोत्याशी थांबलो. मंदिरात राजराजाचे तमिळ लेख आहेत: देवाला दिलेली गावे, सोने, दागिने, आणि मंदिराच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, कोणाला कोणते घर दिले त्यासह. मी हे सांगताच अप्पा थबकले. "घरं नंबरवार?" "रस्ता आणि ओळ धरून." त्यांचा चेहरा, जुने दप्तर नीट लावलेले सापडल्यावर व्हायचा, तसा झाला.

मराठी लेखापाशी मात्र आम्ही घाई केली नाही. उजेड भरपूर होता. अप्पांना एका वेळी तीन-चार अक्षरे दिसत. ती ते पुटपुटत, मान किंचित सरकवत, पुढची पकडत. मी त्यांच्या शेजारी उभी राहून मोठ्याने वाचू लागले. वळण जुने, मजकूर सलग. शब्द कोठे संपतो ते अर्थावरून ठरवायचे. माझ्या जिभेवर आजचे प्रमाणलेखन, त्यामुळे मी ठेचकाळत होते. एका ठिकाणी मी दोन शब्दांचे तीन केले आणि वाक्याचा अर्थ भलताच झाला. अप्पांनी ते भिंतीकडे न पाहता, नुसते ऐकून दुरुस्त केले. पुढे तशीच रीत पडली: मी अक्षरे द्यायची आणि त्यांनी शब्द करायचे. मालोजी आले, शहाजी आले. एखादे ओळखीचे नाव लागले की आम्ही दोघेही, गावच्या जत्रेत सोयरे भेटावेत तसे, जरा थांबत होतो.

मध्येच त्यांनी विचारले, "1803 म्हणालीस ना? तेव्हा राज्य होतं का याच्याकडे?"

नव्हते. 1799 च्या तहाने कारभार कंपनी सरकारकडे गेला होता. सरफोजींकडे तंजावरचा किल्ला आणि मानमरातब एवढेच उरले होते. डॅनिश मिशनच्या श्वार्ट्‌झ या जर्मन धर्मोपदेशकाकडे शिकलेला, अनेक भाषा जाणणारा, ग्रंथ जमवणारा हा राजा राज्य गेल्यावर चार वर्षांनी आपली वंशावळ दगडावर लिहवून घेत होता.

अप्पा म्हणाले, "बरोबर आहे. जमीन हातची गेली की माणूस पहिल्यांदा नक्कल काढून ठेवतो. माझ्याकडे तसेच यायचे सगळे."

माझ्या पुस्तिकेत या शिलालेखाविषयी बरेच काही होते. हे नव्हते.

नऊच्या पुढे माणसे वाढली. एका महाविद्यालयीन मुलीने आम्हांला वाचताना पाहून इंग्रजीत विचारले, ही हिंदी का? अप्पांना एवढे इंग्रजी कळते. "मराठी," ते जरा चढ्या स्वरात म्हणाले. ती खजील झाली, मग तिने एक ओळ वाचून दाखवायला सांगितली आणि अप्पांनी ती, खरे तर पाठ झालेली ओळ, मोठ्या ठसक्यात म्हटली. तो स्वर ऐकून प्रदक्षिणेवरचा एक वृद्ध गृहस्थ थांबला. पांढरे वेष्टी, कपाळाला गंध. तो मराठीत बोलला. चाल तमिळची, पण शब्द आमचेच, काही तर आजीच्या तोंडचे. त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या येथले. घरात अजून मराठी बोलतात, नातवंडे चेन्नईला आहेत, त्यांना कळते, पण उत्तर तमिळमध्ये किंवा इंग्रजीत येते. अप्पांनी त्याला विचारले की तुम्ही हा लेख पूर्ण वाचला असेल. तो हसला. पन्नास वर्षे रोज या भिंतीवरून जातो आहे, म्हणाला. उद्या वाचू, उद्या वाचू करता राहून गेले. देवनागरी लहानपणी शिकलो होतो, आता अक्षरे जुळत नाहीत. मग तो आमच्याबरोबर अर्धा तास उभा राहिला. मी वाचत होते आणि ते दोघे, दोन अनोळखी म्हातारे, शब्दांवरून वाद घालत होते.

साडेअकराला फरशी तापू लागली आणि पाय उचलून ठेवावे लागू लागले. लेखाचा लहानसा भाग तेवढा झाला होता. उरलेल्या भिंतीची मी मोबाइलवर छायाचित्रे घेतली, ओळी एकमेकींवर थोड्या चढतील अशा बेताने, एकेक पट्टा. बँकेत स्टेटमेंट जुळवण्याची सवय तेथे कामी आली.

दुपारी जेवून आम्ही झोपलो. संध्याकाळी कोठेही गेलो नाही. लॉजच्या व्हरांड्यात बसून मिठाईच्या दुकानातून आणलेला अशोका हलवा खाल्ला. तिरुवैयारूला न जाता तिरुवैयारूचा हलवा खाणे माझ्या वहीच्या नियमात बसत नव्हते. तूप इतके होते की कागद पारदर्शक झाला. अप्पांना दोन चमचे दिले आणि रात्रीचा भात कमी केला.

रविवारी दारासुरम आणि कुंभकोणम एवढेच ठेवले. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर लहान आहे, म्हणून मला बृहदीश्वराहून जवळचे वाटले. मंडपाला रथाची चाके आणि घोडे आहेत. अप्पांना मी चाकाच्या आऱ्या मोजून सांगितल्या. विताएवढ्या आकृतींतले बारीक कोरीवकाम त्यांच्या नळीएवढ्या नजरेत पुरते मावत होते, आणि तेथे ते माझ्यापेक्षा अधिक पाहत होते, असे मला वाटले. कुंभकोणमचे महामहम तळे आम्ही रिक्षातूनच पाहिले. कॉफीसाठी मात्र उतरलो. दुधात पाणी नाही याची मापनळीने खात्री केलेले ते डिग्रीचे दूध, अशी या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. अप्पांनी बिनसाखरेची मागितली. दुकानदाराने त्यांच्याकडे दयेने पाहिले.

गंगैकोंडचोळपुरम राहिले, तरंगमबाडी राहिले, कावेरीकाठची त्यागराजांची समाधी राहिली. परतीच्या गाडीत मी ती नावे वहीत एकाखाली एक लिहीत होते तेव्हा अप्पांनी विचारले, "काय लिहितेस?" मी सांगितले. ते म्हणाले, "त्याच्याआधी भिंतीचं लिही. कुठवर आलो होतो?"

आता रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर मी मोबाइलवरचे एक छायाचित्र मोठे करून घेते. अप्पा शेजारच्या खुर्चीत असतात. पडद्यावरचे त्यांना आता जवळजवळ दिसत नाही, पण दिवा लावलेला हवा असतो. मी अक्षरे वाचते, ते शब्द करतात आणि मी ते वहीच्या उजव्या पानावर उतरवते. कधी एका रात्रीत दोन ओळी होतात, कधी एकाच शब्दावर अडतो. छायाचित्रे एकशे बारा आहेत. काल रात्री एकोणिसावे संपले.